झोप माझी मोडू दे

माझ्या युनिटला नवीन डॉक्टर रुजू झाले की पहिल्या दिवशी मी त्यांना औषधांचे डोस विचारत नाही. फोन करायला लावते. म्हणजे खराखुरा फोन. मी शेजारच्या खोलीत जाऊन बसते. रात्रीचे तीन वाजलेत, वॉर्डातल्या एका पेशंटचं ब्लडप्रेशर पडलंय, असं धरून चालायचं आणि मला उठवायचं. परीक्षेत पहिले आलेलेसुद्धा इथे अडखळतात.

सुरुवात जवळजवळ ठरलेली असते. "सॉरी मॅडम, झोपेतून उठवलं. तसं फार काही नाहीये, पण सिस्टर म्हणाल्या म्हणून…" मग पेशंटचं वय, मधुमेह किती वर्षांचा, गोळ्या कोणत्या, कुठली तक्रार घेऊन दाखल झाला, एक्स-रेत काय दिसलं. पुराण चालूच. ब्लडप्रेशर किती झालंय, ते काही येत नाही. शेवटी मीच विचारते, "बरं, मग मी काय करू? येऊ का?" यावर पलीकडे शांतता. आपल्याला समोरच्याकडून काय हवंय याचा विचारच केलेला नसतो. फोन लावण्याचा धीर गोळा करण्यातच सगळी शक्ती गेलेली असते.

मग आम्ही तोच फोन उलटा करतो. "मॅडम, मी मेडिकल वॉर्डातून बोलतोय. सहा नंबरच्या पेशंटचं वरचं प्रेशर ८० पर्यंत पडलंय, हातपाय गार आहेत, सलाइन चालू केलंय. तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं." झालं. बाकीचा इतिहास मी विचारला तर. याला 'एसबार' म्हणतात: सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन. ही पद्धत मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची आणि हॉस्पिटलांत ती रुजली ती कैसर पर्मनेंटे या अमेरिकी आरोग्यसंस्थेमार्फत. आमच्या नव्या मंडळींचं बॅकग्राउंड चार पानी असतं आणि रेकमेंडेशन गायब. मी त्यांना सांगते, तुमचं निदान चुकलं तरी चालेल, पण "तुम्ही या" हे दोन शब्द गिळू नका. आणि काहीच सुचलं नाही तर नुसतं "मॅडम, हा पेशंट मला ठीक वाटत नाहीये" म्हणा. एवढंही पुरतं. मी येते.

ही तालीम दिसायला त्यांची आहे, पण खरी परीक्षा फोन उचलणाऱ्याची असते. माझ्या रजिस्ट्रारांना, म्हणजे नव्यांच्या वरच्या डॉक्टरांना, मी हे इतक्यांदा ऐकवलंय की आता ते माझी नक्कल करतात. रात्री फोन उचलल्यावर तुमच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघतं, त्यावर पुढच्या सहा महिन्यांत तुम्हाला फोन येणार की नाही ते ठरतं. "एवढंही कळत नाही?" एकदाच म्हणा. तो मुलगा पुन्हा फोन करणार नाही. तो गूगल करेल, बॅचमेटला विचारेल, सलाइनचा वेग वाढवेल, सकाळच्या राऊंडची वाट बघेल. तुम्हाला गाढ झोप लागेल आणि पोरगं हुशार झालं असं वाटेल. नवा डॉक्टर शांत असला की सगळं आलबेल आहे, या समजुतीसारखी धोकादायक समजूत वॉर्डात दुसरी नाही.

याबाबतीत एक जुनी केस आहे, जी प्रत्येक बॅचला मी सांगतेच. मार्च १९८४, न्यूयॉर्कमधलं एक बडं हॉस्पिटल. लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी रात्री ताप आणि अस्वस्थपणा म्हणून दाखल झाली. ती नैराश्यासाठी फेनेल्झीन घेत होती. थंडी वाजून थरथरत होती म्हणून तिला पेथिडीन दिलं गेलं. ही दोन औषधं एकत्र देऊ नयेत हे आज कुठल्याही पुस्तकात सापडेल. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरवर त्या रात्री डझनावारी पेशंटांची जबाबदारी होती. तिच्याहून एक वर्ष वरचा डॉक्टर झोपायला गेलेला, फोनवर उपलब्ध. आणि ज्या वरिष्ठाच्या नावावर पेशंट होती तो घरून फोनवर. मुलगी आणखी अस्वस्थ झाली, सिस्टरांनी कळवलं, तर तिला बांधून ठेवायची आणि हॅलोपेरिडॉल या शांत करणाऱ्या औषधाची ऑर्डर आली. पहाटे ताप ४२ अंश सेल्सियसच्या घरात गेला आणि ती गेली.

तिचे वडील पत्रकार आणि वकील. त्यांनी प्रकरण लावून धरलं. ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) डॉक्टरांवर फौजदारी आरोप ठेवला नाही, पण शिकाऊ डॉक्टरांना राबवायच्या पद्धतीवर मात्र कोरडे ओढले. त्यातून डॉ. बर्ट्रांड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात नियम आला: आठवड्याला ८० तास, सलग २४ तासांपेक्षा जास्त नाही.

एवढं सांगून झालं की मी विचारते, या केसमध्ये नेमकं काय बिघडलं? उत्तर दर वेळी एकच: डॉक्टर दमलेले होते. असतीलही. पण नीट बघा. त्या रात्री तीन पायऱ्यांवर तीन डॉक्टर होते आणि पेशंटच्या उशाशी, बिघडत असताना, त्यातलं कुणीच नव्हतं. पहिल्या वर्षाची डॉक्टर दुसरीकडे अडकलेली, वरचे दोघे फोनच्या पलीकडे. बेल समितीने देखरेखीबद्दलही सांगितलं होतं. वरिष्ठ डॉक्टर हॉस्पिटलात प्रत्यक्ष हजर हवा, असं. जगाने तासांचा आकडा लक्षात ठेवला. देखरेखीचं कलम हवेत विरलं. स्वतः बेल यांनी १९९३ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात लिहून ठेवलं की रुग्णसेवा सुधारायची किल्ली तासांच्या बंधनात नाही, देखरेखीत आहे. ज्याच्या नावाने ८० तास ओळखले जातात तोच माणूस हे म्हणतो, याची मला गंमत वाटते. थोडा रागही येतो.

तास मोजणं सोपं असतं, म्हणून तेच मोजलं जातं. हजेरीपट उघडा, बेरीज करा. देखरेख कशी मोजणार?

गैरसमज नको. थकव्याच्या बाजूने मी बोलत नाहीये. "आम्ही ३६-३६ तास उभे होतो" म्हणून मिशीला पीळ देणाऱ्यांची मला चीड आहे. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलेल्या प्रयोगात सलग २४ तास जागं राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.१० टक्के मद्य असणाऱ्यांइतकी घसरली होती. २००४ मध्ये बोस्टनच्या एका हॉस्पिटलातल्या अतिदक्षता विभागांत पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांवर अभ्यास झाला. जुन्या, लांबलचक पाळ्यांमध्ये त्यांच्या हातून गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या. तेव्हा झोप हवीच. पण पुढची गोष्टही ऐका. अमेरिकेत २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांची पाळी १६ तासांवर आणली. मग एका मोठ्या चाचणीत लवचीक आणि कडक वेळापत्रकांची तुलना झाली, पेशंटांच्या मृत्यूंत म्हणावा असा फरक दिसला नाही, आणि २०१७ मध्ये मर्यादा पुन्हा २४ तासांवर गेली. नंतर निकाल आलेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीतही तसंच दिसलं. पाळी छोटी केली की पेशंट जास्त हातांतून जातो, आणि प्रत्येक हातबदलीत काहीतरी सांडतं.

त्या सांडण्यावर इलाज आहे. नऊ बालरोग विभागांत 'आय-पास' नावाची हँडओव्हरची, म्हणजे पाळी बदलताना पेशंट सोपवण्याची, पद्धत लावून बघितली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: चुका २३ टक्क्यांनी कमी, टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी कमी. आणि हँडओव्हरला लागणारा वेळ वाढला नाही! यातला मला सगळ्यात आवडलेला भाग शेवटचा: ज्याने पेशंट ताब्यात घेतला त्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणायचं. आमच्याकडे हे सुरू केलं तेव्हा सगळे लाजायचे, शाळेत पाढे म्हटल्यासारखं वाटतं म्हणून. मग एकदा एका मुलीने परत म्हणताना "म्हणजे रात्री पोटॅशियम बघायचं आणि कमी आलं तर द्यायचं" असं म्हटलं, आणि हँडओव्हर देणारा जवळजवळ ओरडला, "अगं नाही, जास्त आलं तर कळवायचं! त्याची किडनी गेलीये!" लाजणं त्या दिवसापासून थांबलं.

आता पेशंटच्या उशाशी काय करायचं ते.

कुठल्याही वॉर्डात जा, चार्ट बघा. नाडी ८८, ९६, १०४, प्रेशर वेगवेगळं. श्वासांची गती मात्र सगळ्यांची २०. सकाळी २०, दुपारी २०, धापा टाकणाऱ्याचीही २०. कारण ती कुणी मोजतच नाही. यंत्र ती नीट देत नाही, आणि मिनिटभर उभं राहायला कुणाला वेळ नसतो. म्हणून पहिल्या आठवड्यात माझ्याबरोबर राऊंड घेताना नव्या डॉक्टरने एका पेशंटचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. हात पेशंटच्या मनगटावर, जणू नाडीच बघतोय, नाहीतर मोजतायत हे कळलं की श्वास बदलतो. आम्ही बाकीचे गप्प. ते मिनिट फार लांब वाटतं. पोरं चुळबुळतात. मग उत्तर येतं, "मॅडम, २६." चार्टवर २०. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये काढलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या, पेशंट किती बिघडलाय ते गुणांत मोजणाऱ्या 'न्यूज' या पद्धतीत श्वास २५ किंवा त्याहून जास्त असले की त्या एकाच गोष्टीचे तीन गुण, आणि एकाच गोष्टीला तीन गुण म्हणजे डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं. बाकी सगळं नॉर्मल असलं तरी. हा पेशंट आज रात्री फोन करायला लावणार आहे, हे दुपारीच कळलं. हे व्याख्यानातून जात नाही. त्याच्याशेजारी उभं राहून एक मिनिट वाया घालवावं लागतं.

हाताच्या कामांचं वेगळं. 'एक बघा, एक करा, एक शिकवा' हे वाक्य आमच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगितलं जातं. ज्याच्यावर 'एक करा' केलं जातं त्या पेशंटला कुणी विचारलं नसावं. पाठीतून पाणी काढायचं, म्हणजे एलपी करायची असते, तेव्हा माझे दोन्ही हात एप्रनच्या खिशात असतात. मुद्दाम. बाहेर राहिले तर ते आपसूक सुईकडे जातात. पेशंट कुशीवर, गुडघे पोटाशी, आपल्याकडे पाठ केलेला. त्याला काही दिसत नाही, त्यामुळे ऐकू मात्र सगळं येतं. मागे कुणी "अरे, तिथे नको!" म्हटलं की त्याची पाठ दगडासारखी होते आणि मग मणक्यांतली फट माझ्या वडिलांनाही सापडणार नाही. (ते ऑर्थोपेडिक सर्जन होते.)

म्हणून आत जायच्या आधी, व्हरांड्यात, आम्ही शब्द ठरवतो. "थांब" म्हणजे हात आहे तिथे गोठवायचा, सुई काढायची नाही, ढकलायचीही नाही. "मी बघू का?" म्हणजे वाद न घालता सुई माझ्या हातात. आणि दोन प्रयत्न फसले की माणूस बदलायचा. हा नियम मलाही लागू आहे, आणि तो मी पाळताना त्यांना दिसायला हवा. नाहीतर त्यांना वाटतं वरिष्ठ झालं की हात थांबवायची गरज उरत नाही. पेशंटलाही आधी सांगायचं: सुई हे डॉक्टर घालणार आहेत, मी शेजारी उभी आहे. बहुतेक पेशंट यावर हो म्हणतात. नाही म्हणाले तर नाही.

कुणाला कधी किती मोकळं सोडायचं यावर नेदरलँड्सचे ओले टेन काटे यांनी २००५ पासून बरंच काम केलंय. त्यांच्या मांडणीत पाच पायऱ्या आहेत: नुसतं बघणं, कुणी शेजारी असताना करणं, हाकेच्या अंतरावर कुणी असताना करणं, एकट्याने करणं, आणि दुसऱ्यावर देखरेख करणं. मोलाची गोष्ट ही की पायरी कामागणिक ठरते, माणसागणिक नाही. एकच मुलगी रक्त काढण्यात चौथ्या पायरीवर असते आणि नातेवाईकांना मृत्यूची बातमी सांगण्यात पहिल्या. आपण मात्र 'ती हुशार आहे' असा एकच शिक्का मारतो आणि बातमी सांगायलाही तिलाच एकटीला धाडतो.

पहिल्या आठवड्याला सगळेच घाबरतात. इंग्लंडमध्ये नवे डॉक्टर ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी एकदम रुजू होतात. २००९ च्या एका अभ्यासात त्या दिवशी तातडीने दाखल झालेल्यांची मृत्यूची शक्यता आदल्या आठवड्यातल्या बुधवारपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी जास्त निघाली, आणि मग २०१२ पासून रुजू होण्याआधी काही दिवस जुन्या डॉक्टरच्या मागे फिरायची सोय झाली. चांगलं झालं. पण मला जास्त भीती दुसऱ्या वर्षाची वाटते. त्याच २००९ साली वायव्य इंग्लंडमधल्या १९ हॉस्पिटलांतल्या १ लाख २४ हजारांवर औषधांच्या ऑर्डरी तपासल्या गेल्या. चुकांचं प्रमाण पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांत ८.४ टक्के, दुसऱ्या वर्षाच्या डॉक्टरांत १०.३! (मोठ्या कन्सल्टंटांतही ५.९ होतं, तेव्हा त्यांनीही फार हसू नये.) माझ्या मते याचं कारण सरळ आहे. पहिल्या वर्षी भीती असते, विचारायची मुभा असते. दुसऱ्या वर्षी वॉर्ड ओळखीचा झालेला असतो, आपण आता नवीन नाही असं वाटत असतं, आणि विचारायची लाज सुरू होते. आपणही नेमकी तेव्हाच पाठ फिरवतो.

कागदोपत्री देखरेख कशी असते तेही सांगते. मी शिकत होते त्या ठिकाणी (नाव नको) पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी लॉगबुकं (शिकाऊ डॉक्टरांच्या कामाच्या नोंदवह्या) एका टेबलावर रचली जायची आणि सर उभ्या उभ्या सह्या ठोकायचे. 'देखरेखीखाली केले' या रकान्यात ओळीने सह्या. त्यातल्या कितीतरी वेळी सर इमारतीतही नसायचे. आता लॉगबुक मोबाइलवर आलंय, टिचकी मारली की मंजूर. तेवढीच शाई वाचली.

मोबाइलचंच आणखी एक. रात्री दोनला नवा डॉक्टर ईसीजीचा फोटो पाठवतो. वरून येतो एक अंगठा. आता या अंगठ्याचा अर्थ काय? बघितला? नॉर्मल आहे? तू म्हणतोस तसं कर? सकाळी बघू? पाठवणारा स्वतःला सोयीचा अर्थ काढतो, आणि सकाळी वरचा म्हणतो, "मला कुठे विचारलंस?" आमच्या युनिटला क्लिनिकल प्रश्नाला अंगठा पाठवायला बंदी आहे. शब्दांत लिहा नाहीतर फोन करा.

या खेपेपासून आणखी एक बदल केलाय: न विचारता फोन करायचाच, अशा प्रसंगांचा एक कागद. पेशंट आयसीयूत हलवावा लागला. अनपेक्षित मृत्यू. प्रेशर पडलंय आणि पहिल्या सलाइनला दाद देत नाही. सल्ला झुगारून घरी जायचं म्हणतोय. प्रक्रियेचे दोन प्रयत्न फसले. औषध चुकीचं गेलं. आणि वॉर्डातल्या जुन्या सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, एकदा बघून घ्या." या सिस्टरांच्या कलमावर काहींनी भुवया उंचावल्या, पण ज्यांनी वॉर्डात दिवस काढलेत त्यांना ते समजावून सांगावं लागलं नाही. असा कागद असला की फोन करणं हा धाडसाचा किंवा अकलेचा प्रश्न राहत नाही. नियम आहे म्हणून केला, संपलं.

एका रजिस्ट्रारने आक्षेप घेतला. अशाने ते ऊठसूट फोन करतील, स्वतः विचार करायला शिकणारच नाहीत. मी म्हटलं, पहिले दोन महिने करू देत. विचार करायला शिकवायचं तर फोनवरच विचार: "तुला काय वाटतं? माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?" उत्तर बरोबर आलं तर तसं सांग, आणि "गुड" म्हणून सोडू नको, काय बरोबर होतं ते सांग. त्याला ते फारसं पटलं नाही. पण कागदावर शेवटचं कलम त्यानेच घातलं: वरिष्ठाने दहा मिनिटांत फोन उचलला नाही, तर त्याच्या वरच्याला लावायचा, आणि त्यावरून नंतर कुणी कुणाला जाब विचारायचा नाही. त्याच्या वरची म्हणजे मीच. नंबर कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आहे.